बदल असल्यास कळवा

"पोरी, आवाज करू नकोस. ती आली."

बाथरूमच्या दाराला तोंड लावून मार्थामावशींनी एवढं सांगितलं आणि त्या बाहेरच्या खोलीकडे पळाल्या. मी आत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. अंगावर मोरपंखी साडी, सात सेफ्टी पिनांनी जागच्या जागी खिळवलेली. हातात कंगवा. माझी चाकांची खुर्ची दाराबाहेर उभी होती. निदान माझी तशी समजूत होती.

ती म्हणजे जेनेट. सुमंत पारख्यांची थोरली वहिनी, जन्मानं इंग्रज. सुमंतचे आईवडील कधीच गेले, भाऊ आजारी, म्हणून मुलाकडच्यांतर्फे मुलगी बघायला ती एकटीच बर्मिंगहॅमहून येणार होती. सुमंत तिला स्टेशनवरून आणायला गेला होता. वेळ तीनची ठरली होती. बेल वाजली तेव्हा अडीच झाले होते.

"मुलगी" ह्या शब्दाला हसायचं तर हसा. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि सुमंत सत्तेचाळीसचा विधुर. पण आमच्याकडे बघायला येतात ती मुलगीच असते, तिला कवळी का असेना.

ही गोष्ट ल्यूटनची, बारा वर्षांपूर्वीची. मी एस्तेर ओहोळ, मूळची शेवगावची. बारावी दोनदा नापास. इंग्लंडात म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं हवी आहेत असं मिशनच्या दवाखान्यात कळलं, तेव्हा मी कर्ज काढून आले. अकरा वर्षं इंग्रजांचे म्हातारे धुतले, पुसले, उचलले. इथलं नागरिकत्वही घेतलं. मग एका गुरुवारी ब्याण्णव वर्षांचा एक निवृत्त ब्रिगेडियर न्हाणीघरात माझ्या अंगावर पडला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. दोन लढायांतून तो धडधाकट परत आला होता. तिसरीत मी कामी आले. डावा पाय तेव्हाच गेला, उजवा त्याच्या मनात आलं तर ऐकतो.

त्यानंतर सरकार मला दोन भत्ते देऊ लागलं. मी त्यांना पायांचा आणि पोटाचा म्हणायचे. पायांचा भत्ता मी अपंग म्हणून. पोटाचा, मी एकटी आणि कमाई नाही म्हणून; घराचं भाडंही त्यातच. त्याबदल्यात वर्षातून एकदा तपकिरी पाकीट यायचं. आत एकच प्रश्न चाळीस तऱ्हांनी विचारलेला असायचा. परिस्थितीत काही बदल? असल्यास कळवा. पाय सुधारले, कळवा. बिघडले, कळवा. घर बदललं, महिनाभर परदेशी गेलात, घरात कुणी राहायला आलं, लग्न केलंत, कळवा.

लग्न केलं तर पायांचा भत्ता राहणार होता. पोटाचा जाणार होता. सरकारचं म्हणणं असं की बाईला कमावता नवरा मिळाला की तिचं पोट त्याच्याकडे. हा कायदा लंडनमधल्या कुठल्या तरी साहेबानं केला असेल, पण त्याची आजी शंभर टक्के आमच्या शेवगावची असणार.

आणि म्हणूनच सुमंतला तीन महिने माझ्याकडून उत्तर मिळालेलं नव्हतं.

सुमंत बस चालवायचा. त्याचं स्थळ मावशींनीच आणलं. मार्थामावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. ल्यूटनमधल्या आम्हा पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती घरांची महिन्यातून एक उपासना व्हायची, तिच्या त्या सर्वेसर्वा. त्यांनी सतरा लग्नं जमवली होती आणि अठराव्यासाठी हट्टाला पेटल्या होत्या. माझा बायोडेटा त्यांनीच लिहिला. 'स्वभाव शांत. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती. चालण्यात किंचित दोष, लक्षात येत नाही.'

"मावशी, शांत कोण?" मी विचारलं.

"अगं, झोपलीस की असतेस ना!"

सरकारच्या फॉर्मवर वेगळीच एस्तेर होती. तो भरायला मदत करणाऱ्या बाईनं बजावलं होतं, तुझा वाईटात वाईट दिवस लिही. त्यामुळे तिथल्या एस्तेरला कांदासुद्धा चिरता येत नव्हता. असे माझ्याबद्दलचे दोन कागद दोन दिशांना फिरत होते. दोन्हींवर सही माझीच.

सुमंत पहिल्यांदा घरी आला तेव्हा मावशींनी मला सोफ्यावर नीट मांडून ठेवलं, पायांवर शाल टाकली आणि खुर्ची बाथरूममध्ये लपवली. तासभर छान गप्पा झाल्या. मग त्यानं बाथरूम कुठे आहे म्हणून विचारलं. मावशी बशी घेऊन वाटेत उभ्या राहिल्या. "पाणी गेलंय," त्या म्हणाल्या. इंग्लंडात! तो हसला आणि आत गेला. परत आला, खाली बसला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला,

"खुर्चीचा ब्रेक लावलेला नव्हता. मी लावून आलोय."

मावशींनी डोळे मिटून घेतले, प्रार्थनेला मिटतात तसे.

"लावत जा," तो मला म्हणाला. "माझ्या बसमध्ये दिवसाला चार-पाच खुर्च्या येतात. ब्रेक नसला की वळणावर माणूस थेट ड्रायव्हरच्या मांडीवर."

"मग तुम्ही काय करता?"

"वळण सावकाश घेतो."

त्यानंतर तो दर रविवारी जेवायला यायला लागला. घरात घालायच्या सपाता आधी पिशवीतून आणायचा. पुढे दाराशीच ठेवून जाऊ लागला. राहिला एकदाही नाही. एका रविवारी भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करूनच त्यानं विचारलं, लग्न करायचं का. वर म्हणाला, घाई नाही, विचार करून सांगा.

माणूस मला आवडला होता, हे आता सांगायला काय जातंय. पण माझ्या नावानं भाडं भरलं जात होतं, माझ्या नावाची पाटी दारावर होती. उद्या अंगाचा साबण संपला तर त्याच्याकडे मागायचा? मी ब्रिगेडियरखाली चिरडले तेव्हा रडले नव्हते. पण साबण मागण्याच्या विचारानं दोन रात्री उशी ओली केली.

मावशींकडे तोडगा तयार होता. "आपल्या उपासनेत आशीर्वाद घ्या आणि गप राहा. सरकारी नोंद करूच नका. विचारलंच कुणी तर सांग, आतेभाऊ आहे."

"आतेभावाशी तर आपल्यात लग्नं होतात, मावशी."

"मग बघ! फार खोटंही नाही."

मी नाही म्हटलं. खोटं मला चालत नाही अशातला भाग नाही, फक्त ते दुसऱ्यानं शिकवलेलं असलं की चालत नाही. मी हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. आणि तीन आठवड्यांपूर्वी तपकिरी पाकीट आलं तेव्हा, चर्चमधल्या पाळकांनाही तोंडावर सुनावणाऱ्या ह्या एस्तेर ओहोळनं ते न उघडता चहाच्या डब्यामागे खोचून ठेवलं.

तर मी स्टुलावर बसून ऐकत होते. त्या सरकारी फ्लॅटच्या भिंती पापडाइतक्या जाड.

"या, या! बसा," मावशी म्हणाल्या. मावशींच्या इंग्रजीत क्रियापदं नसतात, इथली मी घातली आहेत, पण तीस वर्षांत त्यांचं कुठेच अडलेलं नाही. "प्रवास कसा? थंडी फार! आधी हे खा. मासवडी. आमच्या एस्तेरच्या हातची."

"अरे वा. तिनं स्वतः केली?" बाईचा आवाज मऊ होता.

"स्वतः! पहाटेपासून उभी आहे ओट्याशी."

मी कंगवा दातात धरला. मासवडीचं सारण मी भाजलं होतं, खुर्चीत बसून. पण पिठलं थापून वड्या वळल्या होत्या मावशींनी.

"म्हणजे बराच वेळ उभं राहता येतं तिला."

"येतं म्हणजे? बसतच नाही! मीच ओरडते, एस्तेर, जरा टेक गं."

कागद उलटल्याचा आवाज आला. जेनेटही बायोडेटा घेऊनच आलेली दिसतेय, असं मी मनात म्हटलं. बर्मिंगहॅमची माणसं पक्की.

"आणि आत्ता ती कुठे आहे?"

"अंघोळ करून साडी नेसते आहे. आमच्यात सहा वारी असते."

"कुणाची मदत लागते?"

"छे! एकटी. दार आतून बंद."

"ही इमारत... लिफ्ट बंद होती आज. तिसरा मजला आहे हा."

"तिला काय लिफ्टचं! हरणासारखी उतरते."

मला हसू आवरेना. हरिण तेव्हा स्टुलाच्या कडेला धरून घसरणारा पार्श्वभाग सावरत होतं. मावशींचं चुकत नव्हतं. घरी बाई येते, कोट न काढता बसते, सगळीकडे नजर फिरवते आणि मुलगी काय काय करते म्हणून विचारते. आमच्या सात पिढ्यांत असल्या बाईला एकच उत्तर दिलं गेलंय: सगळं करते.

"दाराशी पुरुषाच्या सपाता दिसल्या," बाई म्हणाली.

मावशी खुदकन हसल्या. "त्या कुणाच्या, हे तुम्ही मला विचारता होय? तुमच्या सुमंतच्या!"

"सुमंत कोण?"

"चांगली थट्टा करता हं तुम्ही! आणखी एक घ्या."

"तो इथे राहतो?"

"लग्नानंतर राहीलच की. आमच्याकडे आधी नाही चालत. पण मन इथेच असतं त्याचं. रविवार चुकवत नाही."

थोडा वेळ नुसतं पेन चाललं. मग बाई म्हणाली, "एक नेहमीचा प्रश्न. गेल्या बारा महिन्यांत तिच्या परिस्थितीत काही बदल?"

माझ्या दातातला कंगवा खाली पडला.

जगात कुठलीच वहिनी हे वाक्य अशा शब्दांत विचारत नाही. ते वाक्य मला पाठ होतं, स्वल्पविरामासकट. चहाच्या डब्यामागचं पाकीट मी न उघडताच वाचलं: मंगळवारी दुपारी अडीच वाजता आमचा अधिकारी घरी भेट देईल.

"मावशी!" मी ओरडले.

"आले, आले! टॉवेल हवा असेल," मावशी पाहुणीला म्हणाल्या आणि दाराशी आल्या. "काय गं? किती छान चाललंय! तुझ्यावर खूश आहे ती. सगळं लिहून घेते आहे."

"ती वहिनी नाही. ती सरकार आहे."

"काय?"

"भत्त्याच्या ऑफिसची बाई आहे ती, मावशी. तपासणीला आली आहे."

मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "असं कसं? तिनं मासवडी दोनदा घेतली."

"माझी खुर्ची आत ढकला आधी."

दारापलीकडे मावशींच्या बांगड्या नुसत्या वाजल्या.

"मावशी, खुर्ची."

"एस्तू, मागच्या वेळी त्यानं बाथरूममध्ये बघितली ना... म्हणून ह्या वेळी मी पलीकडच्या ग्रेसकडे ठेवली."

"मग घेऊन या."

"ग्रेस दार लावून बाजारात गेली."

मी देवाचं नाव घेतलं, पण उपासनेत घेतात त्या सुरात नाही.

"घाबरू नकोस," मावशी म्हणाल्या. "मीच बिघडवलं, मीच सावरते." आणि त्या गेल्या. पुढच्या क्षणाला त्यांचा आवाज पूर्ण बदललेला, गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेवरचे उतारे वाचतात तसा. "बाईसाहेब! खोटं! मघाचं सगळं खोटं! ह्या पोरीला काही येत नाही. हात नाही, पाय नाही. मीच घास भरवते. डोळ्यांनी पण कमी दिसतं. हा सुमंत कोण, आम्ही ओळखत नाही. सपाता माझ्या."

"तुमच्या?" बाईचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "दहा नंबरच्या?"

"पाय सुजतात माझे!"

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला. "सलाम, मावशी. ही जेनेट वहिनी. एस्तेरबाई कुठे आहेत?"

"मी फार लवकर तर नाही ना आले?" दुसरी एक इंग्रज बाई म्हणाली.

बाहेर आता चौघं. आत मी.

मला दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. आत बसून राहायचं, पोट दुखतंय म्हणायचं, ग्रेसची वाट बघायची. जेनेटला शालीखालचे पाय दाखवायचे. सरकारी बाईला नंतर पत्र लिहायचं, मावशींना म्हातारपणी विसर पडतो म्हणून. मावशी आपली बाजू मनापासून लढवत होत्या. पण दाराबाहेर मावशींच्या दोन एस्तेर उभ्या होत्या, एक हरिण आणि एक ओंडका. सुमंत त्या दोघींकडे बघत असणार, आणि जिला त्यानं भांडी विसळता विसळता विचारलं होतं ती तिसरी आतून कडी लावून बसली होती.

मी कडी काढली. स्टुलाच्या कडेला हात टेकून फरशीवर उतरले. बसल्या बसल्या, हातांवर भार देऊन मागे मागे सरकत जायची माझी पद्धत आहे. एकटी असते तेव्हा घरात मी तशीच फिरते. कुणी बघितलेलं नव्हतं. मावशींनीसुद्धा नाही.

दारातून बाहेर पडले तेव्हा साडीच्या निऱ्या उंबऱ्यात अडकल्या. दोन पिना तुटल्या. मी निऱ्या तिथेच सोडल्या आणि परकरावर पुढे गेले. पाठमोरी बाहेरच्या खोलीत शिरले आणि वळले.

चौघं उभी होती. मावशींचा पदर तोंडात. राखाडी कोटातली सरकारी बाई, मांडीएवढी फाइल हातात, तोंडाच्या कडेला मासवडीतला तीळ लागलेला. गोरी, जाडजूड जेनेट, हातात केकचा डबा. आणि बसची निळी टाय घातलेला सुमंत.

तो एक पाऊल पुढे आला. "उचलू?"

"नको."

तो जागच्या जागी थांबला. ते थांबणं मी कधी विसरले नाही.

"मी एस्तेर ओहोळ," मी सरकारी बाईला म्हटलं. "माफ करा, वेळ लागला. मला असाच वेळ लागतो."

"मी मिसेस डॉसन," ती म्हणाली आणि खाली फाइलकडे बघू लागली. "माझ्याकडे इथे चार पानं आहेत. तुम्ही हरणासारख्या जिना उतरता."

"मावशी तुम्हाला माझी होणारी जाऊ समजल्या. आमच्यात मुलगी बघायला आलेल्या माणसाला खरं सांगत नाहीत. त्यांची चूक नाही, त्यांनी तुमचा मान ठेवला."

मिसेस डॉसननं एकदा मावशींकडे बघितलं, एकदा मासवडीच्या रिकाम्या बशीकडे. "आणि नंतर म्हणाल्या, तुम्हाला घास भरवावा लागतो."

"तेव्हा तुम्ही सरकार आहात हे कळलं होतं."

जेनेटला खोकला आला. तो खोकला नव्हता.

"मग खरं काय?" मिसेस डॉसन म्हणाली.

"लिहून घ्या. मासवडीचं सारण मी भाजलं, बसून. वळल्या ह्यांनी. जिना चढता-उतरता येत नाही. लिफ्ट बंद पडली की मी घरात बंद. अंघोळ एकटी करते, पाऊण तास लागतो. कांदा चिरते, पातेलं उचलत नाही. आणि ह्या सपाता मावशींच्या नाहीत."

मिसेस डॉसननं चार पानं फाडून घेतली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि कोरा कागद काढला. मग इकडेतिकडे बघितलं. मी फरशीवर आणि ती उभी, असं लिहिणं तिला जड जात असावं. तिनं कोटाची बटणं सोडली आणि सरळ खाली बसली. गुडघे कडकडा वाजले. ते बघून जेनेट केकचा डबा घेऊन बसली. मग सुमंत, मांडी घालून. शेवटी मावशी. उपासनेनंतर प्रीतिभोजनाला बसतो तशी आमची पंगत झाली, फक्त पान कुणाच्याच पुढे नव्हतं.

"तर," मिसेस डॉसन म्हणाली. "सपाता."

"ह्यांच्या. सुमंत पारखे. रविवारी जेवायला येतात, नऊच्या आत जातात. एकदाही राहिले नाहीत."

"मग परिस्थितीत बदल नाही?"

तिच्या पेनाचं टोक एका चौकोनावर होतं. 'नाही' म्हटलं असतं तर ते खरं होतं. त्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ते शंभर टक्के खरं होतं. पायांचा राहिला असता, पोटाचा राहिला असता, पाटी, साबण, सगळं. मावशी मान हलवून मला तेच सांगत होत्या. सुमंत माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या मागे बघत होता, उंबऱ्यात अडकलेल्या मोरपंखी निऱ्यांकडे.

"आहे," मी म्हटलं. "बदल आहे. मी लग्न करते आहे."

मावशींनी "प्रभू!" म्हटलं.

"कुणाशी?" हे मराठीतून आलं. सुमंतनं विचारलं, चेहरा अगदी गंभीर ठेवून.

"एका बसवाल्याशी. वळणं सावकाश घेतो म्हणतो. बघू."

"त्याला सांगितलंय का?"

"आधी सरकारला कळवावं लागतं. नियम आहे."

मिसेस डॉसनला मराठी येत नव्हतं, पण पेन थांबवून ती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "नावाचं स्पेलिंग सांगा," ती म्हणाली. ते मी सांगितलं. मग तिनं पेन खाली ठेवलं. "मिस ओहोळ, हे लिहिलं तर तुमचा एक भत्ता बंद होईल. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तीन महिने तेच घोकते आहे."

"बंद?" सुमंत म्हणाला. "कुठला?"

त्याला माहीत नव्हतं! तीन महिने त्याला वाटत होतं, मी त्याला तोलते आहे. मी त्याला सांगितलं, सगळ्यांसमोर, फरशीवर बसून, परकरावर. पोटाचं सांगितलं, भाड्याचं सांगितलं, साबणाचंही सांगितलं. म्हटलं, मी कुणापुढे हात पसरणार नाही. ते जमणार नसेल तर आत्ता सांगा, बाईंकडे अजून कोरे कागद आहेत.

त्यानं टायची गाठ सैल केली. "साबण मला घरात हवाच असतो," तो म्हणाला. "मी रोज अंघोळ करतो. जिथे असतो तिथून उचला. मागायचा काय त्यात?"

"आणि साबणाव्यतिरिक्त?"

"त्याचं भांडण आपण लग्नानंतर करू. आत्ताच संपवलं तर पुढे काय करणार?"

जेनेटनं त्याला इंग्रजीत विचारलं, ही काय म्हणते आहे. त्यानं सांगितलं. जेनेट मला म्हणाली, "ह्याच्या भावाशी मी एकतीस वर्षं तेच भांडते आहे. अजून जिंकले नाही. तू जिंकलीस तर कळव."

"तारीख?" मिसेस डॉसननं विचारलं. "बदल कुठल्या तारखेपासून, ते लिहावं लागतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुमंतनं खिशातून ड्युटीचा तक्ता काढला, गुडघ्यावर पसरला आणि बोट फिरवत गेला. "चौदा तारखेला मला सुट्टी आहे."

"चौदाला मंडळीची सहल आहे," मावशी म्हणाल्या.

"मग एकवीस. सकाळची पाळी बदलून घेतो."

"एकवीस," मिसेस डॉसननं लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. आमच्या घराण्यात लग्नाची तारीख पाळक ठरवतात, नाहीतर मुलाचा मामा. माझी सरकारी चौकोनात बसेल तशी ठरली. सही झाल्यावर मिसेस डॉसननं मावशींना विचारलं, मासवडी उरली आहे का. मावशी उठता उठता मला म्हणाल्या, "बघ, मी सांगत नव्हते? खूश आहे ती."

ग्रेस बाजारातून आली तेव्हा चार वाजले होते. खुर्ची सुमंत घेऊन आला. मी हातांवर जोर देऊन तिच्यात चढले. त्यानं फक्त ती धरून ठेवली.

पोटाचा भत्ता एकवीस तारखेपासून बंद झाला. पायांचा चालू आहे. पुढल्या वर्षी मी ल्यूटनच्या वाचनालयात एका टेबलाशी बसायला लागले, ज्यांना तपकिरी पाकिटं उघडायची भीती वाटते त्यांची पाकिटं उघडायला. पगार बरा आहे. तेही मी कळवलं. घरातला साबण आता मीच आणते, आणि तो सुमंतला उग्र वाटतो.

लग्नानंतर मी त्याला अरे-तुरे करायला लागले. मावशींना ते अजून खपत नाही. त्यांच्या यादीत माझं लग्न अठरावं आहे, आणि त्या सगळ्यांना सांगतात, सरकारी बाईसमोर मी ठरवलं.

त्या वेळी ऑफिसचं जे पत्र आलं ते सुमंतनं फ्रिजवर चिकटवलंय. तुम्ही दिलेल्या माहितीबद्दल आभार, बदल नोंदवला आहे, पुढे आणखी काही बदल झाल्यास कळवा. कागद पिवळा पडलाय, पण तो काढू देत नाही. पाहुण्यांना दाखवतो, म्हणतो, मला होकार पोस्टानं आला. आमचं वाजलं की तो फ्रिजपाशी जातो, त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "कळवू का?"

"कळव," मी म्हणते. "पण आधी खुर्चीचा ब्रेक लाव."

तो येऊन लावतो.